कांक्यो ओंगाकू

कांक्यो ओंगाकू ही जपानमध्ये १९८०च्या दशकात बहरलेली वाद्यसंगीताची एक शैली आहे. जपानी भाषेत ‘कांक्यो’ म्हणजे परिसर किंवा पर्यावरण आणि ‘ओंगाकू’ म्हणजे संगीत. त्यामुळे मराठीत तिला ‘परिसर-संगीत’ असे म्हणता येईल. सिंथेसायझर, विद्युत पियानो, मारिंबा, व्हायब्राफोन अशा वाद्यांवर वाजवलेले मोजके स्वर, त्या स्वरांमधील दीर्घ विराम आणि क्वचित पाणी, पाखरे, वारा यांचे ध्वनी ही तिची बाह्य लक्षणे होत. मात्र तिची खरी ओळख तिच्या हेतूत आहे. हे संगीत सभागृहात एकाग्र चित्ताने ऐकण्यासाठी रचलेले नसते. एखाद्या जागेत जसा उजेड पसरतो किंवा झुळूक येते, तसे ते त्या जागेत वावरावे अशी अपेक्षा असते. सातोशी आशिकावा, हिरोशी योशिमुरा, मिदोरी ताकादा, हारुओमी होसोनो, युताका हिरोसे, योशिओ ओजिमा आणि ताकाशी कोकुबो ही या शैलीशी जोडली जाणारी प्रमुख नावे आहेत.

नाव आणि अर्थ

‘कांक्यो’ हा शब्द जपानी कलाविश्वात १९६०च्या दशकात रुळला. नोव्हेंबर १९६६ मध्ये तोक्योतील गिंझा भागात ‘अवकाशाकडून परिसराकडे’ या अर्थाच्या शीर्षकाचे एक प्रदर्शन भरले होते. चित्रकार, शिल्पकार, वास्तुरचनाकार आणि संगीतकार त्यात एकत्र आले होते. कलाकृती ही भिंतीवर टांगलेली वस्तू नसून पाहणाऱ्याला वेढून टाकणारी परिस्थिती असू शकते, असा विचार त्यामागे होता.

याच काळात त्या शब्दाला दुसराही एक अर्थ चिकटला. युद्धोत्तर औद्योगिकीकरणाची किंमत जपानी समाज तेव्हा मोजत होता. मिनामाता येथील पाराविषबाधेसारख्या घटनांनी देश हादरला होता आणि १९७१ मध्ये सरकारला पर्यावरणासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारावी लागली. त्यामुळे ‘कांक्यो ओंगाकू’ म्हणताना दोन्ही अर्थ जागे असतात: सभोवतालात मिसळणारे संगीत, आणि बिघडलेल्या सभोवतालाची जाणीव असलेले संगीत. या दोहोंपैकी एकच अर्थ धरला तर या शैलीचे आकलन अपुरे राहते.

पूर्वपीठिका

पाश्चात्त्य बाजूने पाहता या विचाराचे मूळ फ्रेंच संगीतकार एरिक साती याच्याकडे जाते. त्याने १९१७ मध्ये ‘सामानसुमानाचे संगीत’ अशी कल्पना मांडली. खोलीत खुर्ची किंवा मेज असते, पण आपण त्याकडे सतत पाहत बसत नाही. संगीतही तसेच असावे, असे त्याचे म्हणणे होते. १९२० मध्ये पॅरिसच्या एका कलादालनात नाटकाच्या मध्यंतरात असे संगीत वाजवले गेले. संगीत सुरू होताच प्रेक्षक सवयीने गप्प बसून ऐकू लागले, तेव्हा ‘बोला, हिंडाफिरा, ऐकू नका’ अशी विनवणी करत साती त्यांच्यामध्ये फिरला, अशी आठवण सांगितली जाते. पुढे अमेरिकन संगीतकार जॉन केज याने १९५२ मध्ये चार मिनिटे तेहतीस सेकंदांची एक रचना सादर करवली. तीत वादक एकही स्वर वाजवत नाही. त्या वेळात सभागृहात जे ऐकू येईल तेच संगीत.

कॅनेडियन संगीतकार मरे शेफर याने १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ‘साउंडस्केप’ म्हणजे ध्वनिदृश्य ही संकल्पना सविस्तर मांडली. प्रत्येक प्रदेशाला जसे भूदृश्य असते, तसे ध्वनिदृश्यही असते आणि यंत्रांच्या गोंगाटात ते नष्ट होऊ शकते, हे त्याचे प्रतिपादन. १९८६ मध्ये या ग्रंथाचा जपानी अनुवाद निघाला. इंग्लंडमधील ब्रायन ईनो याची ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ ही ध्वनिमुद्रिका १९७८ मध्ये आली आणि ‘अँबियंट’ हे नाव रूढ झाले. ईनोचीच १९८२ मधील ‘ऑन लँड’ ही मुद्रिका दलदली, किनारे, माळ अशा स्थळांच्या स्मृतींवर बेतलेली आहे.

जपानमध्ये या सर्वांचे स्वागत झाले. संगीतसमीक्षक कुनिहारू आकियामा आणि पियानोवादक आकी ताकाहाशी यांनी १९७५ पासून तोक्योत सातीच्या रचनांच्या मैफलींची मालिका चालवली आणि एक पिढी त्या संगीतावर वाढली. तथापि, ही सर्व आयात होती असे मानणे योग्य ठरणार नाही. संगीतकार तोरू ताकेमित्सू यांनी १९६० मध्येच केवळ पाण्याच्या थेंबांचे ध्वनी ध्वनिफितीवर जुळवून एक रचना केली होती. त्याहून जुनी उदाहरणे जपानी बागेत सापडतात.

अशा बागांत ‘सुइकिनकुत्सू’ नावाची रचना असते. हात धुण्याच्या दगडी कुंडीजवळ जमिनीत एक मातीचे मडके पालथे पुरतात. त्याच्या वर आलेल्या बुडाला छिद्र असते आणि आत तळाशी थोडे पाणी साचू देतात. हात धुताना सांडलेले पाणी खडींतून झिरपून त्या छिद्रातून थेंबाथेंबाने आत पडते, मडक्याच्या पोकळीत तो नाद घुमतो आणि जमिनीखालून तंतुवाद्याची तार छेडल्यासारखा स्वर येतो. पुढचा थेंब कधी पडेल हे कोणालाच ठाऊक नसते. एदो काळातील ही कला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विस्मृतीत गेली होती. तिचे पुनरुज्जीवन नेमके १९८०च्या दशकात, म्हणजे परिसर-संगीताच्या ऐन भरात झाले. दोन स्वरांमधील रिकामी जागा, जपानी सौंदर्यशास्त्रातील ‘मा’, ही देखील याच परंपरेतली. शिरीष पै यांच्यामुळे हायकू या काव्यप्रकाराशी परिचित झालेल्या मराठी वाचकाला ही जागा ओळखीची वाटेल. तीन ओळींच्या त्या कवितेत जे सांगितलेले नसते, त्यावरच ती तोललेली असते.

आशिकावा आणि ‘वेव्ह नोटेशन’

सातोशी आशिकावा तोक्योच्या इकेबुकुरो भागातील एका मोठ्या विक्रीभवनात, कलाविषयक पुस्तके आणि ध्वनिमुद्रिका विकणाऱ्या दालनात काम करत असे. युरोप-अमेरिकेतील नवे संगीत तेथे मिळे आणि त्या निमित्ताने समानधर्मी लोक जमत. पुढे त्याने ‘साउंड प्रोसेस’ ही स्वतःची संस्था काढली आणि ‘वेव्ह नोटेशन’ या नावाने तीन मुद्रिकांची माला योजली. पहिली योशिमुराची ‘म्युझिक फॉर नाइन पोस्ट कार्ड्स’ (१९८२), दुसरी स्वतः आशिकावाची ‘स्टिल वे’ (१९८२) आणि तिसरी सात्सुकी शिबानो हिने वाजवलेल्या सातीच्या पियानोरचनांची (१९८४). तिसरी मुद्रिका पाहण्यास आशिकावा हयात नव्हता. १९८३ मध्ये रस्त्यावरील अपघातात त्याचे निधन झाले.

‘स्टिल वे’सोबत आशिकावाने लिहिलेले टिपण या शैलीचे जाहीरनामापत्र मानले जाते. त्याचा आशय असा: आपल्या अवतीभोवती ध्वनी आणि संगीत यांची मात्रा माणसाच्या पचवण्याच्या शक्तीपलीकडे गेली आहे आणि ध्वनींचे परिसंतुलन ढासळू लागले आहे. वातावरणनिर्मितीच्या नावाखाली दुकानांत वाजणारे पार्श्वसंगीत अतिरेकी आहे. एखाद्या जागेचे रंग, प्रकाश, मांडणी यांचा बारकाईने विचार होतो. तिथे काय ऐकू यावे याचा विचार मात्र कोणीच करत नाही.

या युक्तिवादातील पेच लक्षात घेण्याजोगा आहे. ध्वनी आधीच फार झाले आहेत असे ज्याला वाटते, त्याने आणखी एक ध्वनिमुद्रिका का काढावी? आशिकावाचे उत्तर त्याच्या संगीतातच मिळते. ‘स्टिल वे’ मधील रचना पियानो, हार्प, बासरी आणि व्हायब्राफोन अशा मोजक्या वाद्यांसाठी आहेत. त्यांत चढउतार नाही, नाट्य नाही, कळस नाही. एक लहानसा स्वरसमूह येतो, विरतो, किंचित सरकून पुन्हा येतो. मध्ये पुरेशी जागा असल्याने खिडकीबाहेरचा आवाज आत येतो आणि रचनेचाच भाग होतो. पार्श्वसंगीत इतर आवाज झाकते. हे संगीत ते आवाज ऐकण्यासाठी कान तयार करते. दोहोंत फरक आहे तो एवढाच, पण तो मूलभूत आहे.

हिरोशी योशिमुरा

या शैलीचा सर्वांत लक्षणीय रचनाकार म्हणजे हिरोशी योशिमुरा (१९४०–२००३). योकोहामा येथे जन्मलेल्या योशिमुराचे शिक्षण वासेदा विद्यापीठात झाले. तो दृश्यकाव्ये आणि चित्ररूप स्वरलेखने करीत असे, ध्वनिशिल्पे घडवीत असे; केवळ वादक किंवा संगीतकार एवढीच त्याची ओळख नव्हती.

तोक्योच्या शिनागावा भागात १९३८ मध्ये बांधलेल्या एका निवासी वास्तूत १९७९ मध्ये हारा समकालीन कला संग्रहालय सुरू झाले. त्याच्या खिडक्यांतून अंगणातली झाडे दिसत. ते दृश्य मनात ठेवून योशिमुराने घरीच, विद्युत पियानोच्या आधाराने, नऊ छोट्या रचना ध्वनिमुद्रित केल्या. सरकणारे ढग, उन्हाळ्यातील झाडाची सावली, पावसाचा नाद, गावात पडणारा बर्फ असे त्यांचे विषय. प्रत्येक रचना म्हणजे कोणाला तरी पाठवलेले एक पोस्टकार्ड. संग्रहालयात ती फीत वाजू लागल्यावर येणारे लोक ‘हे विकत मिळेल का’ असे विचारू लागले आणि त्यातून ती मुद्रिका निघाली.

१९८६ मधील ‘ग्रीन’ ही योशिमुराची सर्वाधिक ऐकली जाणारी कृती आहे. तिच्यातील रचनांची इंग्रजी नावे – क्रीक, फील, शीप, स्लीप, ग्रीन, फीट, स्ट्रीट, टीव्ही – सर्व एका दीर्घ ‘ई’काराने बांधलेली आहेत. शब्द अर्थासाठी जितके निवडले, तितकेच नादासाठीही. ‘ग्रीन’ हे शीर्षक केवळ रंगवाचक नाही. बाग, नदी, प्रतिध्वनी, रिक्तता आणि गतकाळाची ओढ या अर्थांच्या पाच इंग्रजी शब्दांची आद्याक्षरेही त्यात गुंफलेली आहेत.

या मुद्रिकेची एक हकिगत शैलीच्या गाभ्याला हात घालते. अमेरिकेतील बाजारासाठी तिची वेगळी आवृत्ती निघाली, तेव्हा तीत वाहत्या पाण्याचे आणि पाखरांचे आवाज मिसळण्यात आले. तेथे तेव्हा ‘न्यू एज’ नावाने विकल्या जाणाऱ्या विश्रांतीच्या संगीताला मागणी होती आणि निसर्ग म्हणजे झऱ्याची खळखळ, असे समीकरण ठरून गेले होते. योशिमुराची पसंती मात्र आवाजांविना असलेल्या मूळ मिश्रणाला होती आणि २०२० मध्ये पुनर्प्रकाशन करताना तेच स्वीकारले गेले. दोन्ही आवृत्त्या एकामागून एक ऐकल्या तर त्याच्या पसंतीचे कारण समजते. मूळ आवृत्तीत झरा स्वरांच्या गतीत असतो आणि ऐकणाऱ्याने तो आपल्या मनात ऐकायचा असतो. दुसरीत तो ऐकवला जातो, आणि मग स्वर त्याच्यामागची सजावट होऊन बसतात.

‘एअर इन रिसॉर्ट’ (१९८४) शिसेइदो या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीसाठी, तर ‘सराउंड’ (१९८६) मिसावा होम्स या तयार घरे उभारणाऱ्या कंपनीसाठी योशिमुराने रचली. १९९१ मध्ये सुरू झालेल्या तोक्योच्या नांबोकू भुयारी रेल्वेमार्गावरील संकेतध्वनीही त्याचेच. आपण एका संगीतकाराची कृती ऐकत आहोत हे त्या फलाटांवरच्या प्रवाशांच्या मनातही येत नसे. साती याला हवे होते ते इथे सहजपणे साधले होते.

इतर रचनाकार

मिदोरी ताकादा ही तालवाद्यवादक. ‘स्टिल वे’मध्येही तिचे वादन आहे. १९८३ मधील ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ ही मुद्रिका तिने एकटीने, सर्व वाद्ये स्वतः वाजवून, दोन दिवसांत ध्वनिमुद्रित केली. मारिंबा, घंटा, ओकारिना ही मातीची शीळ, पायपेटीसारखे रीड ऑर्गन आणि शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्या यांतून तिने एक काल्पनिक अरण्य उभे केले आहे. सिंथेसायझरवर भर देणाऱ्या या शैलीत आफ्रिकी आणि आशियाई लोकवाद्यपरंपरांचा धागा तिच्यामुळे ठळक झाला.

‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’ या गाजलेल्या इलेक्ट्रॉनिक वाद्यवृंदाच्या हारुओमी होसोनोने १९८४ मध्ये मुजी या साध्या, बिनछाप वस्तूंच्या दुकानांसाठी संगीत रचले. त्यानेच निर्मिलेली ‘इनोयामा लँड’ या जोडीची १९८३ मधील मुद्रिका एका गमतीदार प्रयोगासाठी लक्षात राहते: पाण्याने भरलेल्या टाकीच्या एका बाजूला ध्वनिवर्धक आणि दुसऱ्या बाजूला मायक्रोफोन ठेवून, पाण्यातून गाळून आलेला आवाज तीत वापरला आहे. युताका हिरोसेची ‘नोवा’ (१९८६) मिसावा होम्ससाठी, योशिओ ओजिमाची १९८८ मधील मुद्रिका आओयामा येथील ‘स्पायरल’ या इमारतीसाठी, तर ताकाशी कोकुबोची ‘गेट अ‍ॅट द वेव्ह’ (१९८७) सान्यो कंपनीच्या वातानुकूलन यंत्रांच्या प्रसिद्धीसाठी तयार झाली. समुद्राची शांत गाज ऐकवणाऱ्या याच कोकुबोने पुढे जपानी मोबाइल संचांवरील भूकंपसूचनेचा, झोपेतून खडबडून जागे करणारा ध्वनीही घडवला.

वाद्ये आणि तंत्र

या संगीताचा काचेसारखा, किणकिणता नाद बऱ्याच अंशी एका विशिष्ट तंत्रातून आला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग हा १९६७ मध्ये संगणकावर स्वराला कंप देण्याचे प्रयोग करीत होता. एका स्वराची कंपनसंख्या दुसऱ्या तरंगाने खालीवर हलवली की स्वर आंदोलित होतो. आपल्याकडे गायक आंदोलित गंधार लावतो, त्याची स्थूल कल्पना इथे करावी. चाउनिंगने हे हलणे वाढवत नेले. सेकंदाला पाच-सहा वेळा हलणारा स्वर कानाला डोलताना ऐकू येतो, पण हीच गती शेकड्यांत गेली की डोलणे नाहीसे होते आणि त्याऐवजी स्वराची जातच बदलून जाते. दोन साध्या तरंगांतून घंटा, लाकडी पट्टी, काचेचा प्याला अशा नादांची निर्मिती होऊ लागली.

यामाहा या जपानी कंपनीने या तंत्राचे हक्क घेतले आणि १९८३ मध्ये ‘डीएक्स ७’ हा सिंथेसायझर बाजारात आणला. एका वेळी १६ स्वर वाजवू शकणारे हे वाद्य घरात ठेवण्याजोगे होते. त्यापूर्वीच्या सिंथेसायझरांचा नाद भरदार, पण काहीसा जड असे. नवा नाद दवासारखा क्षणात चमकून विरणारा होता. ‘ग्रीन’चा नाद यामाहाच्या अशाच वाद्यांचा आहे. झाडापानांचे भान देणारे हे संगीत पूर्णपणे कृत्रिम, विद्युतनिर्मित असावे याचे काहींना आश्चर्य वाटते. परंतु त्यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. या रचनाकारांना निसर्गाचे आवाज उतरवून घ्यायचे नव्हते. पानांतून उन्हाचे कवडसे हलतात तेव्हा त्यात जी अनियमित नियमितता असते, ती स्वरांत आणायची होती.

रचनेच्या अंगाने या शैलीवर अमेरिकन मिनिमलिस्ट संगीताचाही परिणाम आहे. अल्प सामग्री, पुनरावृत्ती आणि सावकाश बदल हे गुण तिथून आले. या प्रवाहाचे दोन प्रवर्तक ला मॉन्ट यंग आणि टेरी रायली हे १९७०च्या सुमारास पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले होते. प्राणनाथ हे किराणा घराण्यातील अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य. मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ आणि पुढे सवाई गंधर्व यांच्यामुळे महाराष्ट्राला जवळच्या झालेल्या या घराण्यातील स्वराचा संथ विस्तार आणि तंबोऱ्याचा अखंड नाद असा दूरच्या वाटेने जागतिक संगीतात पोहोचला. तंबोऱ्याशी तुलना मात्र एका मर्यादेपर्यंतच करावी: तंबोरा गायकासाठी पार्श्वभूमी धरतो, इथे पार्श्वभूमीसमोर कोणी गायक येतच नाही.

आक्षेप

या शैलीवरील मुख्य आक्षेप तिच्या आश्रयदात्यांविषयी आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये जमिनी आणि समभाग यांच्या किमती अवाच्या सवा चढल्या होत्या. मोठ्या कंपन्या कलेवर सढळ हाताने खर्च करीत होत्या. झाडे तोडून उभारलेल्या वसाहतीत पानांच्या सळसळीची आठवण देणारी मुद्रिका घरासोबत द्यायची, यात सोयीस्कर दांभिकपणा आहे, ही टीका सहज खोडून काढता येत नाही. अभ्यासक पॉल रोके यांनी २०१६ मधील आपल्या ग्रंथात जपानमधील अशा वातावरणमाध्यमांची चिकित्सा केली आहे. व्यक्तीने आपली मनःस्थिती स्वतःच सांभाळावी, अशी अपेक्षा करणाऱ्या समाजरचनेशी त्यांनी या माध्यमांचे नाते जोडले आहे.

दुसरी बाजू अशी की, कंपन्यांचे पैसे घेऊनही या रचनाकारांनी खरेदीला उद्युक्त करणारे संगीत लिहिले नाही. ‘सराउंड’ ऐकताना घर घ्यावेसे वाटत नाही. आहे त्या घरात खिडकी उघडावीशी वाटते.

उतरण आणि पुनर्शोध

१९९१ नंतर अर्थव्यवस्था कोसळली आणि आश्रय आटला. १९९५ मध्ये कोबेचा भूकंप आणि तोक्योच्या भुयारी रेल्वेतील विषारी वायूचा हल्ला या दोन आघातांनंतर ‘इयाशी’ म्हणजे मनाला उभारी देणाऱ्या, दुःख हलके करणाऱ्या वस्तूंची लाट आली. संगीतही औषधासारखे विकले जाऊ लागले. १९९९ मध्ये र्‍युइची साकामोतो यांची एका जाहिरातीसाठी रचलेली पियानोरचना जपानमधील विक्रीच्या यादीत अग्रस्थानी पोहोचली. शब्दविरहित रचनेला हा मान प्रथमच मिळाला.

ध्वनिदृश्याच्या विचाराने मात्र सार्वजनिक जीवनात मूळ धरले. १९९३ मध्ये जपानी साउंडस्केप संघटना स्थापन झाली आणि १९९६ मध्ये सरकारच्या पर्यावरण यंत्रणेने जतन करण्याजोग्या ‘जपानच्या १०० ध्वनिदृश्यां’ची यादी जाहीर केली. ओखोत्स्क समुद्रातील वाहत्या हिमखंडांचा आवाज, साप्पोरोच्या घड्याळ-मनोऱ्याची घंटा, नववर्षाच्या स्वागताला योकोहामा बंदरातील जहाजांचे भोंगे अशा ध्वनींचा तीत समावेश आहे. पुरातन मंदिरे जपावीत तसे आवाजही जपावेत, ही कल्पना शासनाने स्वीकारल्याचे हे उल्लेखनीय उदाहरण होय.

मूळ मुद्रिका दुर्मीळ झाल्या होत्या. २०१०च्या दशकात त्या यूट्यूबवर चढवल्या गेल्या आणि त्या संकेतस्थळाच्या शिफारस-यंत्रणेमुळे, जपानी भाषेचा गंधही नसलेल्या लाखो श्रोत्यांपर्यंत पोहोचल्या. २०१७ मध्ये ‘म्युझिक फॉर नाइन पोस्ट कार्ड्स’ जपानबाहेर प्रथमच प्रकाशित झाली. ताकादाची मुद्रिकाही त्याच वर्षी पुन्हा निघाली. अमेरिकन संगीतकार स्पेन्सर डोरन याने संपादित केलेला ‘कांक्यो ओंगाकू’ हा १९८० ते १९९० मधील रचनांचा संग्रह २०१९ मध्ये आला आणि त्याला ऐतिहासिक संग्रहांच्या विभागात ग्रॅमी पुरस्काराचे नामांकन मिळाले. ‘सराउंड’चे पुनर्प्रकाशन २०२३ मध्ये झाले. त्याच वर्षी कामाकुरा येथील संग्रहालयात योशिमुराच्या स्वरलेखनांचे आणि ध्वनिशिल्पांचे प्रदर्शन भरले. नऊ पोस्टकार्डे जिथून सुचली ते हारा संग्रहालय त्याआधीच, जानेवारी २०२१ मध्ये बंद झाले होते.